नीरेकांठचीं माळवदें आणि त्यांची गळती

ज्युबिलीच्या पुस्तिकेंत कोनशिला केव्हां बसली, घंटा कोठून आली व प्रारंभीं किती कुटुंबें होतीं, ह्या हकीकती ओघानेंच येतात. त्या लिहिण्याचें काम आमच्याहून अधिकारी लेखकांकडे आहे. आमच्या वांट्यास ह्या भागांतील जुन्या घरांचा वृत्तांत आला. तो लिहूं लागतांच आमच्या ध्यानांत आलें कीं, घराच्या पायाविषयीं लोक पुष्कळ बोलतात, दारावरील नक्षीविषयीं त्याहून अधिक बोलतात, परंतु ज्याच्या आश्रयानें आंतील माणसें कोरडीं राहतात त्या छपराविषयीं केवळ पावसाळ्यांत बोलतात, आणि तेंहि परात कोठें ठेवावी एवढ्यापुरतेंच. सबब हा लेख छपराविषयीं आहे, आणि विशेषेंकरून गळणाऱ्या छपराविषयीं.

भवानीनगर हें इंदापूर तालुक्यांत, बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या वाटेवर, श्रीछत्रपती सहकारी साखर कारखान्याभोंवतीं वाढलेलें गांव. आज चोहोंकडे ऊंस दिसतो, परंतु कालव्याचें पाणी येण्यापूर्वीं हा सर्व मुलूख कोरडवाहू, बाजरी-ज्वारीचा होता. येथें पाऊस वर्षाकांठीं सुमारें २० इंच, तोहि बेभरंवशाचा, आणि त्यांतील मोठा वांटा भाद्रपद-आश्विनांत परतीच्या वाटेवर पडणारा. ह्याच पुणें जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास, लोणावळ्यास, १५० इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. एकाच जिल्ह्यांत अशीं दोन हवापाणी असल्यामुळें घरांच्या माथ्याच्याहि दोन तऱ्हा झाल्या: मावळांत उतरतें छप्पर, आणि आमच्याकडे सपाट माळवद, ज्यास कोणी धाबें असेंहि म्हणतात.

माळवद म्हणजे नुसता मातीचा ढीग नव्हे. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा लांकडाच्या चिपा, त्यांवर तुराट्या, तरवड अथवा कडुनिंबाचा पाला, आणि सर्वांवर चोपून बसविलेला मातीचा थर, अशी ती रचना. खांबांमधील जागेस खण म्हणत, आणि घर केवढें हें खणांच्या संख्येवरून सांगत. वरच्या मातीस पन्हळीच्या दिशेनें किंचित् उतार दिलेला असे, कडेनें हातभर उंचीचा कठडा असे, आणि मध्यें उजेड येण्यास व धूर जाण्यास साणें ठेवीत. चैत्र-वैशाखांत जेव्हां रान तापून निघे, तेव्हां ह्या घरांत शिरणाऱ्यास गारवा लागे. रात्रीं माणसें माळवदावर निजत, आणि दिवसां तेथें कुरडया, पापड व मिरच्या वाळत. कौलारू घरांत वाढलेल्यांस ही सोय सांगून समजावयाची नाहीं.

माती कोणती घालावयाची, ह्यांत जुन्या लोकांचें ज्ञान दिसून येतें. शेताची काळी माती माळवदास चालत नाहीं. ती भिजली म्हणजे फुगते व वाळली म्हणजे हात शिरेल एवढ्या भेगा पाडते. म्हणून पांढरी आणीत, आणि पांढरी म्हणजे बहुधा जुन्या वसाहतीच्या टेकाडाची किंवा ढासळलेल्या गढीची माती. (प्राचीन वसाहतींचा शोध घेणारे विद्वान् ह्या एका संवयीवर फार रुष्ट आहेत, आमच्या पूर्वजांनीं कित्येक शतकांचा इतिहास पाट्या भरभरून घरावर नेऊन टाकला, ही त्यांची तक्रार अगदींच निराधार नाहीं.) जेथें पांढरी दुर्मिळ तेथें खारी किंवा चोपण माती शोधीत. चोपण जमिनींत सोड्याचा अंश अधिक असल्यामुळें मातीचे सूक्ष्म कण सुटे होऊन तिचीं छिद्रें बुजवितात, आणि पाणी खालीं न जातां वरच तुंबतें. शेतकऱ्यास जी माती शत्रु, तीच घरमालकास मित्र. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा हातीं घेण्यांत आला, १८८५ च्या सुमारास त्याचें पाणी ह्या रानांत खेळूं लागलें, भोर संस्थानांत भाटघर येथें त्यासाठीं धरण झालें; आणि ज्या शेतांस पाणी बेताबाहेर मिळालें व ज्यांतून निचरा झाला नाहीं, त्यांपैकीं पुष्कळ शेतें खारावून चोपण झालीं. कालव्यानें ऊंस दिला, आणि न मागतां छपराची मातीहि दिली.

आतां गळतीकडे वळूं. माळवद गळतें तें बहुधा पावसाच्या जोरानें नव्हे, तर त्याआधींच्या उन्हानें. आठ महिने तापलेली माती आकसते. कठड्याशीं, साण्याच्या कडेस व पन्हळीच्या तोंडाशीं ती लांकडापासून अगर दगडापासून सुटते. पहिला मोठा पाऊस ह्या फटींतूनच आंत येतो. उंदरांचीं बिळें, मुंग्यांचीं वारुळें, कठड्यांत रुजलेलें पिंपळाचें रोप, हीं त्यास साहाय्य करितात. पन्हळींत चिमणीनें घरटें केलें असेल तर मग विचारावयासच नको, कारण माळवदावर पाणी उभें राहिलें कीं कितीहि चांगली माती असली तरी ती शेवटीं मुरते.

परंतु मुख्य गोष्ट, जी फारच थोडे लोक ध्यानांत घेतात, ती ही कीं, थेंब जेथें पडतो तेथें छिद्र नसतें. पाणी वरच्या थरांतून उतरून पाल्यावरून सरकतें, कडीच्या कडेनें दोन-चार हात चालतें, आणि लांकडांत जेथें गांठ किंवा खांच सांपडेल तेथें खालीं सुटतें. परात ठेवली ओसरीवर आणि फट असते माजघराच्या डोक्यावर, असा प्रकार आम्हीं स्वतः पाहिलेला आहे. म्हणून जाणता सुतार घरांत शिरल्याबरोबर वर बोट दाखवून प्रश्न विचारीत नसे. तो प्रथम विचारी: गळती पाऊस चालूं असतांना होते कीं थांबल्यावर? थेंब स्वच्छ आहे कीं तांबूस? पाऊस थांबून प्रहर लोटला तरी थेंब सुरूच असेल, तर वर कोठें तरी पाणी सांचून राहिलें आहे असें तो समजे. आणि थेंब तांबूस असेल, तर तें पाणी फार दिवस लांकडाच्या संगतींत आहे असें अनुमान करी. नंतर तो तुळईचें भिंतींत गेलेलें टोंक हातोडीच्या दांड्यानें ठोकून पाही. धड लांकूड खणखणीत बोलतें, आणि कुजलेलें किंवा वाळवीनें पोखरलेलें भरल्या पोत्यासारखें बद्द वाजतें. तुळईचें हें टोंक दिसत नाहीं, आणि तेंच सर्वांत आधीं जातें. त्याच्या खालची भिंत दगड-मातीची असेल तर तिच्यांतील माती ओलीनें विरघळते व भिंतीस पोट येतें. पोट आलेली भिंत पाहूनहि जो गृहस्थ त्याच भिंतीला टेकून वर्तमानपत्र वाचीत बसतो, त्याच्या धैर्याची आम्ही तारीफ करितों, परंतु अनुकरण करीत नाहीं.

ही तपासणी पूर्वीं रूढीनें होत असे. सूर्य रोहिणींत गेला, म्हणजे साधारण २५ मे उलटली, कीं माळवदावरील गवत उपटावें, भेगा ओल्या मातीनें भराव्या, कठडा सारवावा, पन्हळ काठीनें मोकळी करावी, आणि मृग निघण्याच्या आंत, म्हणजे जूनच्या ७-८ तारखेच्या आंत, सर्व आटोपावें. गांवचा सुतार बलुतेदार खरा, परंतु त्याचें बलुतें मुख्यतः नांगर-कुळवांच्या कामाचें; घराचें काम केल्यास त्याची मजुरी निराळी द्यावी लागे. आमच्या मतें खरी अडचण येथूनच सुरू झाली. औताचें लांकूड मोडल्यास सुतार त्याच दिवशीं मिळे, कारण त्यावर सुगी अवलंबून. छपराचें लांकूड कुरकुरल्यास मात्र धनी म्हणे, "यंदा निभवून नेऊं." आणि निभवून नेण्याचा सोपा उपाय प्रत्येकाच्या हाताशीं असे: गळतें त्या जागेवर वर चढून आणखी दोन पाट्या माती टाकणें.

ह्या दोन पाट्यांचा इतिहास कोणी लिहिला नाहीं, पण माळवदांच्या साऱ्या इतिहासांत त्याहून महत्त्वाचें प्रकरण नाहीं. वाचकांनीं क्षणभर हिशोब करून पाहावा. तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद असा एक खण घ्या. त्यावर एक फूट, म्हणजे सुमारें ३० सेंटिमीटर, जाडीची माती असेल तर ती २.७ घनमीटर भरते. कोरडी चोपलेली माती घनमीटरास सुमारें १६०० किलो धरली, तरी एका खणावर चार टनांहून अधिक भार झाला, आणि ती भिजली कीं तो आणखी वाढला. गळती थांबविण्यासाठीं त्यावर केवळ पांच सेंटिमीटरचा नवा थर दिल्यास सुमारें सातशें किलो वाढतात. असे थर एका पिढीनें चार दिले, दुसरीनें चार दिले. तुळया मात्र आजोबांच्या वेळच्या, आणि त्यांचीं टोंकें ज्या पाण्यानें कुजत आहेत तें पाणी नव्या थराखालून पूर्ववत् वाहतच आहे. वरचें ओझें वाढतें, खालचें लांकूड घटतें, आणि घरधनी समाधानानें सांगतो कीं यंदा गळत नाहीं.

ह्या हिशोबाची वसुली कशी होते हें महाराष्ट्रानें ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पाहिलें. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती. गणपतीचें विसर्जन करून लोक घरोघर निजले होते. पहाटे चार वाजण्याच्या किंचित् आधीं लातूर व उस्मानाबाद (आतां धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवर किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. त्याची तीव्रता सुमारें ६.२ होती, जगांतील मोठ्या भूकंपांच्या मानानें ती कांहीं विशेष नव्हे. तरी सुमारें आठ हजार माणसें प्राणांस मुकलीं. नंतर तेथें गेलेल्या इंजिनियरांनीं जें पाहिलें तें आमच्या विषयाचेंच होतें. भिंती दोन-दोन फूट व त्याहूनहि जाड, परंतु मातींत रचलेल्या गोल दगडांच्या. आणि त्यांवर माळवदें, कित्येकांची माती वर्षानुवर्षें थर चढत जाऊन दोन फुटांपर्यंत गेलेली. हे थर कोणी हौसेनें चढविले नव्हते. ते गळतीवर चढविले होते. आणखी एक गोष्ट त्यांच्या पाहण्यांत आली. जेथें माळवद भिंतीवर नव्हे तर लांकडी खांब-तुळयांच्या खणांवर उभें होतें आणि तें लांकूड धड होतें, तेथें अनेक ठिकाणीं भिंती बाहेर कोसळूनहि छप्पर जागेवर राहिलें व खालचीं माणसें वांचलीं. धड खांब आणि धड तुळई ह्यांचें मोल ह्याहून स्पष्ट रीतीनें कोणी सांगूं शकेल असें आम्हांस वाटत नाहीं.

कोणी म्हणेल, नीरेकांठ म्हणजे किल्लारी नव्हे. खरें आहे. परंतु कुजलेल्या तुळईस भूकंपाचीच गरज असते असें नाहीं. आश्विनांतील एक सलग रात्र तिला पुरते.

ह्या ठिकाणीं आम्हांस आमचाच एक दोष कबूल केला पाहिजे. आमच्या जुन्या घरांत बळदाच्या खोलीवर एक गळती होती. आम्हीं एका गवंड्यास बोलाविलें. तो वर गेला, दोन पाट्या माती टाकून आला व पैसे घेऊन गेला. दुसऱ्या वर्षीं तेंच, तिसऱ्या वर्षीं तेंच. चौथ्या वर्षीं तो येईना, म्हणून नाइलाजानें एका वृद्ध सुतारास आणलें. त्यानें मातीस हातच लाविला नाहीं. तो खालींच अर्धा तास फिरला, ठोकीत व वास घेत. आणि मग पटाशी घेऊन तुळईच्या टोंकांत दाबली, ती दोन बोटें आंत गेली. वर पाहतां पन्हळीचें तोंड आमच्या तीन वर्षांच्या मातीनेंच बुजलेलें निघालें. म्हणजे गळतीचें औषध म्हणून आम्हीं जें देत होतों तेंच तिचें अन्न होतें. गवंड्यास आम्ही दोष देत नाहीं. त्यास आम्हीं माती टाकावयास सांगितलें होतें, पाहावयास सांगितलें नव्हतें. तुळईखालीं दोन टेकू देऊन वरची फूटभर माती उतरविली, टोंक कापून नवा जोड दिला, आणि पुन्हां सहा इंचच माती चोपली. बळदांतील ज्वारीला मात्र तोंवर कोंब आलेले होते.

पुढें छपरें पालटलीं. १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला, आणि एकमेकांत गुंतणारीं तीं सपाट कौलें हळूहळू पश्चिम हिंदुस्थानभर पसरलीं. साखरेचे कारखाने व त्यांच्या वसाहती आल्या तसे पन्हळी पत्रे आमच्या वाड्यावस्त्यांवर आले. आणि आतां जो तो स्लॅब घालतो. कौल फुटलें तर तें डोळ्यांस दिसतें, हा त्याचा मोठा गुण. जुन्या सिमेंटी पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतु असत. ते पत्रे घरच्या घरीं फोडूं अगर कापूं नयेत, इतकें येथें सांगून ठेवतों. स्लॅबची गोष्ट मात्र माळवदासारखीच आहे. पाणी भेगेंतून आंत जातें, सळई गंजते, गंजलेली सळई फुगून खालचा गिलावा उडविते. आणि घरधनी काय करितो? वर आणखी एक कोब्याचा थर देतो. पुढील वर्षीं आणखी एक. पाट्या गेल्या, घमेलीं आलीं, एवढाच फरक.

जुन्या माळवदांविषयीं लिहितांना दगडी व चुन्याच्या भक्कम इमारतींस हा नियम लागू नाहीं असा कोणाचा समज होऊं नये, म्हणून एका ख्रिस्तमंदिराचें उदाहरण देतों. जुने गोवें येथें ऑगस्टिनियन संन्याशांचें विशाल मंदिर १६०२ मध्यें पुरें झालें. त्याचा मनोरा सुमारें ४६ मीटर उंच होता. १८३५ मध्यें, पोर्तुगीज सरकारनें संन्याशी संघ बंद केल्यावर, तें ओस पडलें. त्या दिवसापासून त्याच्या छपरावर चढून पाहणारा कोणी राहिला नाहीं. १८४२ मध्यें त्याची कमान कोसळली. २३३ वर्षें माणसांच्या देखरेखीखालीं उभी असलेली इमारत, देखरेखीवांचून सात वर्षें निघाली. मग पावसास आंत मोकळीक मिळाली, आणि १९३१ मध्यें दर्शनी भिंत व अर्धा मनोरा पडला. तेथील घंटा आज पणजीच्या मंदिरांत वाजते. उरलेला अर्धा मनोरा पाहण्यास देशोदेशींचे प्रवासी येतात व त्याचीं चित्रें घेतात.

परत आपल्या गांवीं येऊं. रोहिणी ते मृग हा तपासणीचा काळ आमच्या वाडवडिलांनीं ठरविला, कारण त्यांच्या अनुभवांत पाऊस त्यानंतर येई. २०२५ सालीं हा करार पावसानें मोडला. त्या वर्षीं मोसमी वारे २५ मे रोजींच महाराष्ट्रांत पोंचले, आणि त्याच दिवशीं बारामती व इंदापूर ह्या तालुक्यांत अतिवृष्टि झाली. बारामतीजवळ पिंपळी येथें नीरा डावा कालवा फुटला, पाणी वस्त्यांत शिरलें, आणि जुन्या घरांची पडझड झाली. सूर्य रोहिणींत प्रवेश करीत होता तोंच हें सर्व घडलें. ज्यांनीं "मृगाच्या आधीं बघूं" असा बेत केला होता त्यांस बघावयास अवधि मिळाला नाहीं. म्हणून आम्हीं आमच्यापुरतें वेळापत्रक बदललें आहे. पहिली फेरी होळी झाल्यावर, जेव्हां भेगा पडावयास लागतात. दुसरी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास. आणि तिसरी ज्या दिवशीं घरांत पहिला थेंब पडेल त्याच्या दुसऱ्या सकाळीं, मग तो दिवस कोणताहि असो. पाऊस पडत असतां ओल्या माळवदावर चढूं नये. त्या वेळीं खालींच कोळसा हातांत घेऊन जेथें जेथें थेंब दिसेल तेथें तेथें कडीवर खूण करावी, आणि तिथि व वेळ लिहावी. थेंब वाळल्यावर त्याची जागा कोणास आठवत नाहीं, आणि सुतार येईपर्यंत घरांतील चार माणसें चार ठिकाणें दाखवितात.

त्या मे महिन्यांत आमच्या बळदाच्या खोलींत नव्या जोडावर एकहि थेंब आला नाहीं. साण्याच्या कडेशीं मात्र दोन पडले. आमच्या घरांतील मुलांनीं ती जागा कोळशानें खुणाविली, एकानें शेजारीं २५ असा आंकडा घातला. उघडीप मिळतांच तो वृद्ध सुतार नातवास घेऊन आला. त्यास आतां शिडी चढवत नाहीं. नातू वर गेला, म्हातारा खालून विचारीत राहिला: माती कठड्यापासून सुटली का, बोट जातें का, किती जातें? नातवानें वरून उत्तर दिलें कीं करंगळी जाते. "मग पाटी ठेव बाजूला," म्हातारा म्हणाला, "आधीं ती फट मोकळी कर, आणि कुठवर गेलीय तें सांग."